चाळीस चाकूंचा खोका

एका वाचक ताईंचं पत्र:

‘आमचं साताऱ्यात चाकू-सुऱ्या, विळ्या, अडकित्ते आणि ट्रेकिंगच्या सामानाचं छोटं दुकान आहे. सासऱ्यांनी १९७९ साली सुरू केलं, आता मी आणि हे बघतो. आम्ही व्हिक्टोरिनॉक्सचे स्विस चाकू डीलरकडून रीतसर बिलावर घेतो. २,४०० रुपयांच्या चाकूमागे जेमतेम ३०० सुटतात. हल्ली गिऱ्हाईक मोबाइल पुढे धरून म्हणतं, “हाच ऑनलाइन ४०० ला आहे, तुम्ही लुटता.” गेल्या महिन्यात जुन्या ओळखीचे एक गृहस्थ पातं निखळलेला चाकू घेऊन आले आणि दुकानात चार माणसं असताना म्हणाले, “तुमच्याकडूनच घेतला होता, बदलून द्या.” चाकू नकली होता, आमचा नव्हता. पण ह्यांनी वाद नको म्हणून नवा दिला.

आता पुतण्या एका होलसेलवाल्याकडून “फर्स्ट कॉपी”चा खोका घेऊन आलाय. ४० नग, १४० रुपयांना एक. ३५० ला सहा विकलेसुद्धा. त्यातला एक आमच्या गल्लीतल्या मुलानं घेतला, तो दिवाळीत हिमालयात ट्रेकला जाणार आहे. पुतण्या म्हणतो, डुप्लिकेट आहे असं सांगूनच विकू, म्हणजे फसवणूक नाही. कंपनी परदेशातली, एवढी मोठी, तिला काय फरक पडतो? आणि जर्मनी-जपाननंही नक्कल करूनच सुरुवात केली की. मला पटत नाही, पण उत्तरही देता येत नाही. काय करू?’

ताई, नमस्कार.

खोका आजच काउंटरवरून काढा आणि कुलपात ठेवा. बाकी सगळं निवांत बोलू, पण एवढं आधी करा. तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, ‘मला पटत नाही’. ते ज्या क्षणी तुम्ही लिहिलंत, त्या क्षणी कायद्याच्या दृष्टीनं तुमची जागा बदलली. व्यापारचिन्ह कायदा १९९९ च्या कलम १०४ खाली खोटं चिन्ह असलेला माल विकणं, इतकंच काय, विक्रीसाठी जवळ बाळगणं हासुद्धा गुन्हा आहे. सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड. दुकानदाराला त्यातून सुटायला वाट ठेवलेली आहे: मी पुरेशी काळजी घेतली होती, माल खोटा असल्याची शंका यायचं कारण नव्हतं, आणि माल कुणाकडून आला ते मी विचारताक्षणी सांगितलं, असं सिद्ध करता आलं तर. तुमच्या पुतण्याला १४० रुपयांत स्विस चाकू मिळतो तेव्हा शंका यायचं कारण नव्हतं, असं कुठल्याही न्यायाधीशाला पटवता येणार नाही. शिवाय खोक्याचं पक्कं बिल आहे का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. बहुतेक कच्ची चिठ्ठीच असणार. म्हणजे तिसरी गोष्टही सिद्ध करणं अवघड.

‘सांगूनच विकू’ हा पुतण्याचा मुद्दा ऐकायला प्रामाणिक वाटतो आणि तो मुलगा वाईट आहे असं मला अजिबात वाटत नाही. पण खोटं तुमच्या तोंडून निघत नसलं तरी ते पोलादावर कोरलेलं आहे. तुम्ही ज्याला सांगितलंत तो माणूस उद्या तोच चाकू भाच्याला वाढदिवसाला देईल. भाच्याला कुणी काही सांगणार नाही. त्याच्या हातात चाकू, चाकूवर स्वित्झर्लंडचा क्रॉस, आणि पिशवीवर तुमच्या दुकानाचं नाव. पुढे तो मिटताना बोटावर आला, की त्याला आठवेल ती पिशवीच.

जर्मनीचं म्हणाल तर पुतण्या अर्धं बरोबर बोलतोय, आणि उरलेलं अर्धं त्याला माहीत असायला हवं. एकोणिसाव्या शतकात चाकू-सुऱ्यांत इंग्लंडच्या शेफील्डचा दबदबा होता. तिथल्या कारागिरांची संस्था, कटलर्स कंपनी, १६२४ पासूनची. प्रत्येक कारागिराच्या शिक्क्याची तिथे नोंद व्हायची. जर्मनीतल्या झोलिंगेन गावातले काही कारखानदार स्वस्त ओतीव लोखंडाच्या सुऱ्या-कात्र्यांवर शेफील्डचं नाव ठोकून विकायचे. ह्यावर ब्रिटननं १८८७ साली मर्चंडाइज मार्क्स ॲक्ट आणला आणि बाहेरून येणाऱ्या मालावर देशाचं नाव घालायला लावलं. आज जे ‘मेड इन जर्मनी’ आपण कौतुकानं वाचतो, ते सुरुवातीला लोकांनी सावध व्हावं म्हणून घालायला लावलेलं होतं.

पण नकलेनं जर्मनीचं भलं झालं का? १८७६ साली फिलाडेल्फियाच्या जागतिक प्रदर्शनात जर्मनीचेच परीक्षक, फ्रान्झ रॉइलो नावाचे अभियंते, घरी लिहून कळवत होते की आपला माल ‘स्वस्त आणि वाईट’ आहे. देशभर खळबळ उडाली. तिथून बाहेर पडायला जर्मन कारखान्यांना माल सुधारावा लागला, स्वतःच्या नावानं. आणि मग झोलिंगेनचं नाव इतकं झालं की त्याच गावाच्या नावाचे खोटे शिक्के लोक मारू लागले. १९३८ साली झोलिंगेनच्या नावासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला: महत्त्वाची सगळी कामं त्या परिसरात झालेली असतील तरच पात्यावर ते नाव. पुतण्याला विचारा, नकलेनं झोलिंगेन मोठं झालं, की नक्कल सोडल्यावर?

आता त्या ‘एवढ्या मोठ्या परदेशी कंपनी’बद्दल. ती मोठी आज आहे. १८८४ साली कार्ल एल्सेनर नावाच्या माणसानं स्वित्झर्लंडच्या इबाख गावात लहानशी कार्यशाळा काढली. तुमच्या सासऱ्यांच्या दुकानाहून ती फार वेगळी नसावी. स्विस सैन्याला चाकू हवे होते, पण पहिली खेप झोलिंगेनहून आली, कारण एवढे चाकू करण्याची ताकद स्वित्झर्लंडमध्ये नव्हती. एल्सेनरनं देशातले चाकूवाले गोळा केले आणि १८९१ साली स्विस बनावटीचे चाकू सैन्याला दिले. पण झोलिंगेनचे कारखाने यंत्रावर तेच काम कमी पैशात करत. बाकीचे चाकूवाले एकेक करून बाजूला झाले. एल्सेनर एकटा उरला, होतं नव्हतं ते घालवून बसला, कर्जात बुडाला. नातेवाइकांनी हात दिला म्हणून तरला.

इथे मला थांबून एक गोष्ट सांगायचीय. झोलिंगेननं त्याला जवळजवळ संपवलं ते स्वस्त मालानं, खोट्या मालानं नव्हे. ते आपला चाकू आपलाच म्हणून विकत होते. त्यात चूक काही नव्हती, आणि एल्सेनरकडे उत्तर द्यायला वाट होती: काहीतरी जास्त चांगलं करायचं. त्यानं केलं. एकाच स्प्रिंगवर दोन्ही बाजूंची हत्यारं पेलणारा हलका चाकू काढला आणि १२ जून १८९७ ला त्याची कायदेशीर नोंदणी केली. सैन्यानं तो अधिकाऱ्यांना वाटला नाही, अधिकारीच स्वतःच्या पैशानं दुकानातून घेऊ लागले. दुकानातून, ताई. तुमच्यासारख्याच कुणाच्या तरी काउंटरवरून.

पण स्वस्त माल विकणाऱ्यानं त्याच्याच चाकूवर त्याचंच नाव घातलं असतं, तर? मग चांगलं करूनही उपयोग नव्हता, कारण जितकं चांगलं कराल तितकी नक्कल जास्त खपते. नाव कुठून आलं तेही सांगते. १९०९ साली एल्सेनरची आई वारली, तिचं नाव व्हिक्टोरिया. मुलानं ते नाव कारखान्याला दिलं. १९२१ मध्ये न गंजणारं पोलाद आलं, फ्रेंचमध्ये त्याला इनॉक्स म्हणतात, ते त्याला जोडलं. तुमच्या खोक्यातल्या चाळीस चाकूंवर कुणाच्या तरी आईचं नाव आहे.

आणि त्या नावाच्या आत काय आहे तेही पुतण्याला दाखवा. ह्या चाकूत सगळं पोलाद सारखं कडक नसतं. कडकपणा मोजायचं रॉकवेल म्हणून माप आहे. पात्याला ५६, करवत आणि कात्रीला ५३, स्क्रूड्रायव्हर आणि डबा फोडायच्या हत्याराला ५२, स्प्रिंग आणि कॉर्कस्क्रूला ४९. असं का? पातं कडक हवं, नाहीतर धार वळते. पण स्प्रिंग तेवढीच कडक केली तर ती कडकन तुटेल; तिला लवता आलं पाहिजे. आपल्याकडचा जुना लोहार हे सगळं आकड्यांशिवाय जाणतो. कोयत्याच्या धारेला पाणी वेगळं द्यायचं, पाठीकडे मऊ ठेवायचं, हे त्याच्या हातात असतं. मोठा स्विसचॅम्प घ्या, ३३ कामं करतो, तो तयार व्हायला साडेचारशेहून जास्त टप्पे लागतात. १४० रुपयांच्या मालात हे टप्पे बसत नाहीत. तिथे पत्रा कापतात, चकाकी आणतात, शिक्का मारतात. टोमॅटो चारदा कापेपर्यंत दोन्ही चाकू सारखेच दिसतात, खरं सांगायचं तर नकली जरा जास्तच चमकतो.

कंपनीला काय फरक पडतो, ह्याचं उत्तर: पडतो, पण ती सोसू शकते. तिच्याकडे वकील आहेत. आपलं चिन्ह सीमाशुल्क खात्यात नोंदवून ठेवलं, तर आयात मालावरच्या २००७ च्या नियमांखाली खोटा माल बंदरातच अडवून धरता येतो. नकली चाकू दुरुस्तीला आले तर ती शांतपणे नाही म्हणू शकते. तुम्ही नाही म्हणू शकला नाहीत. गल्लीतला माणूस, चार गिऱ्हाइकं उभी, तुमच्या यजमानांनी नवा चाकू काढून दिला. हिशेब करून बघा: चाकू तुम्हांला २,१०० ला पडला होता, एका चाकूमागे ३०० सुटतात, म्हणजे सात चाकूंची कमाई एका नकली चाकूनं खाल्ली. तोही तुम्ही न विकलेल्या. कुणा अनोळखी विक्रेत्यानं ४०० रुपये घेतले आणि त्याची हमी साताऱ्यातल्या एका दुकानानं भरून दिली. नकली मालाचा भुर्दंड सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत जास्त कोण भरतं, तर हे असं तुमच्यासारखं दुकान. मग असा माल फार फिरू लागला की कंपन्या सावध होतात, डीलर कमी करतात, मोठ्या मोठ्या दुकानांनाच माल देतात, आणि लहान दुकान यादीतून गळतं. ज्यानं कधी खोटं विकलं नाही तोसुद्धा.

मी स्वतः बावीस वर्षं हत्यारांच्या दुकानात काढली आहेत. एकदा एका मोठ्या नावाच्या पकडी म्हणून आलेला अख्खा खोका नकली निघाला. मी विश्वासानं घेतला होता आणि तीन पकडी एका वायरमनला विकल्याही होत्या. त्यातल्या एकीची मुठीवरची रबरी खोळ काम करताना सरकली. त्याला काही झालं नाही. तो परत आला, पकड काउंटरवर ठेवली आणि म्हणाला, ‘ताई, तुमच्याकडची आहे म्हणून बघितलीसुद्धा नव्हती.’ त्या वाक्यानं मला रात्र रात्र झोप लागली नाही. म्हणून तुमचं पत्र आल्यावर मी बाकीची बाजूला ठेवली.

आता कामाचं बोलू.

चाळीस नगांचे ५,६०० रुपये झाले. होलसेलवाल्याला लेखी कळवा, व्हॉट्सॲपवर चालेल: हा माल खोट्या चिन्हाचा आहे, परत घ्या, पैसे द्या, आणि पक्कं बिल नसेल तर ते का नाही तेही सांगा. तो ओरडेल, किंवा गप्प बसेल. दोन्ही गोष्टी जपून ठेवा. पण त्यानं घेतलाच नाही तर तो माल दुसऱ्या दुकानदाराला स्वस्तात देऊन मोकळं व्हायचं, हे करू नका. खोक्याचे, शिक्क्याचे, चिठ्ठीचे फोटो काढा आणि एकदा गावातल्या वकिलाला भेटा. कंपनीच्या वितरकाला कळवायचं ते वकिलामार्फतच कळवा. सहा नग विकले गेलेत, त्यामुळे स्वतः उत्साहानं पत्र लिहून बसू नका. माल कुठून आला हे तुम्ही आपणहून सांगताय, हेच तुमच्या बाजूचं सगळ्यांत मोठं बळ आहे, आणि ते नीट मांडलं जायला हवं. माल नष्ट करायचा का, कधी, हे त्यानंतर. ५,६०० रुपये पाण्यात गेले असं धरून चाला. वाईट वाटेल, पण एका बदलून दिलेल्या चाकूला तुम्ही २,१०० मोजलेतच की.

मोबाइल पुढे धरणाऱ्या गिऱ्हाइकाशी भांडू नका, आणि ‘ते नकलीच आहे’ असंही न बघता म्हणू नका. कधीकधी जुना स्टॉक खरोखर स्वस्तात निघतो. त्यांना म्हणा, ‘बघू या ना, विक्रेता कोण आहे?’ २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे विक्रेत्याचं नाव, पत्ता आणि वस्तू कुठल्या देशात झाली हे तिथे दाखवावं लागतं. परदेशी मालाच्या पाकिटावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, एमआरपी आणि देश छापलेला असावा लागतो. तुमचा डबा उलटा करून दाखवा, मग त्यांचा दाखवायला सांगा. पात्याच्या मुळाशी शिक्का बारीक आणि स्वच्छ आहे का, मुठीवरचा क्रॉस त्याच मॉडेलच्या खऱ्या चाकूसारखा आहे का, सगळी हत्यारं उघडताना सारखाच खटका लागतो का, मिटल्यावर पात्यांमध्ये फट दिसते का. दोन मिनिटांचं काम आहे आणि लोकांना ते शिकायला आवडतं. ज्याची फसगत झालीय त्याला ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर लिहून द्या. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बनावट मालाबद्दल वेगळी तरतूद आहे. तुमच्याकडचं गिऱ्हाईक तुमच्याकडून काही न घेता गेलं, तरी नंबर द्या.

आणि बिलावर ‘चाकू १ नग’ असं लिहिणं आजपासून बंद. मॉडेलचं नाव, रंग, तारीख लिहा, देताना चाकूचा एक फोटो काढून दुकानाच्या फोनमध्ये ठेवा. पुढच्या वेळी कुणी नकली चाकू घेऊन आलं तर आवाज न चढवता फोन दाखवता येईल. त्या गृहस्थांना खोटं बोलायचं होतं असं मी धरून चालत नाही. त्यांच्या मुलानं ऑनलाइन मागवला असेल आणि त्यांना खरोखरच तुमचा वाटला असेल.

२,४०० परवडत नाहीत अशी माणसं असणारच, आणि त्यांना रिकाम्या हातानं पाठवायचं नाही. त्यांच्यासाठी स्वतःच्या नावानं विकले जाणारे स्वस्त चाकू ठेवा, आपल्याकडचे बरेच चांगले आहेत. इथे मला तुमच्या विळ्या-अडकित्त्यांबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. ज्या लोहाराकडून तुम्ही विळ्या घेता, त्याच्या पात्यावर त्याचं नाव असतं का? बहुधा नसतं. म्हणून यंत्रावर कापलेली पत्र्याची विळी त्याच्या विळीशेजारी लटकते आणि गिऱ्हाइकाला फरक कळत नाही. मेरठच्या कात्री कारागिरांना २०१३ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्यांची कात्री भंगारातल्या पोलादाची असते, धार गेली की पाजवून पुन्हा वर्षानुवर्षं चालते, आणि तिलाही वापरून फेकायच्या आयात कात्र्यांनी बेजार केलं. मानांकन ही मोठी, सगळ्यांनी मिळून करायची गोष्ट. पण एकट्या कारागिरालाही आपला शिक्का नोंदवता येतो. चाकू-सुऱ्या, हातहत्यारं व्यापारचिन्हांच्या आठव्या वर्गात येतात, एकट्या माणसाला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी ४,५०० रुपये आहे. मोबाइल आणि कागदपत्रं पुतण्याला चांगली जमत असतील. त्याला ह्या कामाला लावा. परदेशी कंपनीच्या नावाची किंमत काय असते ते गावच्या लोहाराचं नाव नोंदवताना त्याला आपोआप कळेल.

अजून एक: धार लावायची सोय करा. तुमच्याकडचा चाकू असेल तर पहिल्यांदा फुकट, बाहेरचा असेल तर पैसे घेऊन. ४०० रुपयांच्या ऑनलाइन विक्रेत्याला सहाण घेऊन साताऱ्यात बसता येत नाही. आणि नकली पातं सहाणेवर आलं की दुसऱ्याच दिवशी परत बोथट होतं, हे गिऱ्हाईक स्वतःच येऊन सांगतं.

राहिले ते सहा जण. त्यांना शोधून काढा, ३५० परत द्या, चाकू परत घ्या, कारण सांगा. लाज वाटेल. पुतण्याला बरोबर घेऊन जा, त्याच्यावर न रागावता. पण ट्रेकवाल्या मुलाकडे मात्र आजच संध्याकाळी जा. मिटणारा चाकू थंडीत, हातमोजे घातलेल्या हातानं दोरी कापताना बोटांवर मिटला, तर तिथे दवाखाना दिवसभराच्या चालीवर असतो. जाताना एक खरा चाकू बरोबर न्या, आणि पैसे नसतील तर सांगा, परत आल्यावर दे.